नऊ नंबरचा पाळणा

चाक बंद होणार अशी बातमी पेपरात आली, आणि मगच लोक चाकात बसायला यायला लागले.

तोवर आमच्या पोर्ट अ‍ॅडलेडात त्या चाकाकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. एवढा मोठा काचेचा आकाशपाळणा, पण उभा केला जुन्या धक्क्यावर. समुद्रकिनारी ग्लेनेलगला असता तर रांगा लागल्या असत्या. इथे आजूबाजूला उंच इमारती होणार, हॉटेलं होणार, बाजार भरणार असं सांगितलं होतं. त्यातलं काही झालं नाही. वर गेलं की एका बाजूला धान्य साठवायचे उंच सायलो, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा कारखाना, मागे खारफुटी. शहर लांब, टेकड्यांच्या पायथ्याशी धुरकट. नशीब जोरावर असलं तर नदीत डॉल्फिन दिसायचा, पण तो पुलावरूनही दिसतो, आणि पुलाला तिकीट नाही.

मी तिथे तिकिटाच्या खिडकीत बसायचे. प्रत्येक पाळण्यात बोलायचं यंत्र होतं, त्याचं दुसरं टोक माझ्याच टेबलावर होतं. म्हणजे कोणाला वर भीती वाटली, पोराला शू लागली, कोणी लग्नाची मागणी घातली आणि समोरची नाही म्हणाली, हे सगळं आधी मला कळायचं. खिडकीपासून चार पावलांवर फलाट, आणि फलाटावर चाक चालवायच्या दांड्याशी रोंडा.

रोंडा पास्को चाक चालवणाऱ्यांची प्रमुख होती. त्याआधी ती मोटारींच्या कारखान्यात होती. तो बंद पडला तेव्हा तिच्याबरोबरचे कितीतरी लोक घरी बसले, हिला चाकावर काम मिळालं. तिच्या बापाला ते आवडलं नाही. क्लेम पास्कोनं सगळा जन्म याच धक्क्यावर जहाजं भरण्यात घालवला होता. चाक उभं राहू नये म्हणून तो फाटकाशी फलक घेऊन उभा राहिला होता. त्या जागेवर बुडून मेलेल्या, मालाखाली सापडून मेलेल्या त्याच्या सोबत्यांची आठवण म्हणून काहीतरी करायचं घाटत होतं. ते राहिलं आणि चाक आलं.

"एवढ्या मोठ्या शहरात तुला हीच नोकरी सापडली?" एवढंच तो तिला एकदा म्हणाला. त्यानंतर दर रविवारी दोघं एका टेबलावर जेवायची, पोर्टच्या फुटबॉल संघाला मनसोक्त शिव्या द्यायची, आणि चाकाचा विषय कोणी काढायचं नाही. पुलावरून जाताना म्हातारा मान दुसरीकडे वळवायचा, हे मी स्वतः बघितलंय.

शेवटचा दिवस उजाडला तोच भट्टीसारखा. फेब्रुवारी महिना, म्हणजे इकडचा ऐन उन्हाळा, उत्तरेकडून वाळवंटाचं वारं सुटलेलं. दुपारपर्यंत पारा चव्वेचाळीसवर. तरी रांग पुलापर्यंत. आमचा मॅनेजर स्टॅव्ह मावराकिस घाम पुसत माझ्या खिडकीशी आला.

"बघितलंस टेस? आजारपणात एकजण फिरकला नाही. मयताला गाव लोटलंय."

"पाण्याच्या बाटल्या संपल्या," मी म्हटलं.

"मागवल्यात. आज चाक पूर्ण भरून फिरतंय, एक पाळणा रिकामा नाही. फोटो काढून ठेवतो, नाहीतर बायको विश्वास ठेवायची नाही."

थोड्या वेळानं खिडकीत एक जुनी, कडा झिजलेली टोपी दिसली. वर बघते तर क्लेम.

"एक म्हातारा," तो म्हणाला.

"तुम्ही? चाकात?"

"तिकीट देतेस की मुलाखत घेतेस?"

मी तिकीट दिलं. रोंडा तेव्हा जेवायला मागच्या खोलीत गेली होती, फलाटावर स्टॅव्ह होता.

"रोंडाला बोलावू?"

"नको. तिला सांगूही नकोस." तिकीट खिशात घालून तो जरा थांबला. "तिचा कारखाना बंद झाला त्या दिवशीसुद्धा मी फाटकावर गेलो होतो. हे चाक मेलं तर मला काय, आनंदच आहे. पण तिचं काम बंद होतंय."

तो नऊ नंबरच्या पाळण्यात चढला. त्याच्याबरोबर डॅनिएल नावाची एक बाई, तिच्या कडेवर दोन वर्षांची टिली. डॅनिएल आमच्याच भागातली, शाळेच्या कँटीनमध्ये असायची. शिवाय दोन्ही हात गोंदवलेला एक तरुण, जॅरड. त्या दिवशीची बाकी सगळी माणसं मला आठवत नाहीत, पण ही चार आठवतात.

रोंडा जेवून परत आली, दांडा हातात घेतला, आणि चाकाचा एक फेरा पूर्ण होत आला तेवढ्यात वीज गेली.

नुसती आमची नाही. पुलापलीकडचे सिग्नल गेले, पबमधलं संगीत थांबलं, सिमेंटच्या कारखान्याची घरघर थांबली. सगळं पोर्ट एकदम गप्प झालं. त्या शांततेत मला कळलं की पाळण्यांमधले थंड हवेचे पंखेही थांबलेत.

ते पाळणे चारी बाजूंनी काचेचे होते. खिडकी उघडत नसे, वरच्या बाजूला हवेला हातभर फट तेवढी. पंखा चालू असेपर्यंत ठीक. तो बंद पडला की त्या उन्हात आतल्या माणसाची भाजी व्हायला फार वेळ लागणार नव्हता.

"इंजिन," रोंडा म्हणाली.

वीज गेली तर चाक फिरवायला डिझेलचं एक छोटं इंजिन होतं. रोंडा ते नेमानं चालवून बघायची, सकाळी फाटक उघडण्याआधी, रिकाम्या चाकावर. भरलेल्या चाकावर बघायची वेळ कधी आली नव्हती, कारण चाक कधी भरलंच नव्हतं.

इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाक गोगलगाईसारखं हललं. सात नंबर फलाटावर आला, रोंडानं दार उघडलं, माणसं उतरली, सगळी घामानं निथळत, पण हसत होती. मग आठ. तोही रिकामा झाला. बोलायचं यंत्र बॅटरीवर चालायचं, त्यावर मी सगळ्या पाळण्यांना सांगत होते, "बसून राहा, टोप्यांनी वारा घ्या, एकेक करून उतरवतोय."

नऊ नंबर फलाटाला टेकायला आला असेल नसेल, इंजिनाचा आवाज बदलला. आधी घुसमटल्यासारखा, मग किंचाळल्यासारखा. काळा धूर आला. चाक क्षणभर जागच्या जागी थरथरलं आणि उलटं फिरायला लागलं.

वरून जो आवाज आला तो मी आजही विसरलेले नाही.

रोंडानं अंगाचा सगळा भार टाकून ब्रेक ओढला. चाक एक पाळणाभर मागे घसरून थांबलं. लोखंड कण्हत राहिलं.

"काय झालं? काय झालं?" स्टॅव्ह धावत आला.

"एक बाजू हलकी झाली," रोंडा म्हणाली. "दोन पाळणे इकडचे रिकामे, तिकडचे भरलेले. एरवी एक उतरतो आणि त्याच्या जागी दुसरा चढतो, म्हणून कळत नाही. हे इंजिन एवढं वजन पेलत नाही."

"मग?"

"मग समोरच्या बाजूचे खाली आणायचे. ते रिकामे केले की वजन सारखं होईल. मग इकडचे."

"समोरचे म्हणजे आत्ता सगळ्यात वर आहेत ते?"

"हो."

"आणि मधले? ते फलाटावरून जाणार ना? त्यांची दारं समोर येणार, रोंडा."

"येतील. उघडायची नाहीत."

"लोक वेडे होतील."

"होऊ देत. आता आणखी एक जरी इकडून उतरला आणि चाक सुटलं, तर ब्रेक धरेल का ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

स्टॅव्ह अग्निशामक दलाला फोन करायला गेला. त्यांची एक गाडी निघाली होती, बाकीच्या टेकड्यांवर गवताला लागलेल्या आगीत अडकल्या होत्या.

माझ्या टेबलावर सगळेच दिवे लुकलुकत होते. सगळ्यांना बोलायचं होतं. मी नऊचं बटण दाबलं.

"टेस," क्लेमचा आवाज आला, "चाक मागे का गेलं?"

मी सांगितलं. वजनाचं, समोरच्या पाळण्यांचं, दारं न उघडण्याचं.

त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "मी इथे आहे हे तिला माहीत आहे?"

"नाही."

"सांगू नकोस."

"अहो, पण..."

"पोरी, ऐक. ती डोकं ठिकाणावर ठेवून काम करतेय. ते तसंच राहू दे."

मागून जॅरडचा आवाज आला, "काय म्हणतायत? आपण पुढचे ना? फलाट तिथे आहे, मला दिसतोय."

मी खिडकीतून रोंडाकडे बघितलं. माझ्यापासून चार पावलांवर होती. एक हाक मारली असती तर झालं असतं. मी मारली नाही.

इंजिन पुन्हा सुरू झालं. चाक पुन्हा पुढे निघालं, इतकं हळू की ते फिरतंय हे कळायला मागच्या सायलोकडे बघावं लागत होतं. नऊ नंबर फलाटाजवळ यायला लागला. यंत्र चालूच होतं, मला आतलं सगळं ऐकू येत होतं.

"दार उघडा," डॅनिएल म्हणत होती. "माझ्या पोरीला उलटी झालीय. अहो, दार उघडा."

"नाही उघडणार ते," क्लेम म्हणाला.

"का नाही? ती बाई तिथेच उभी आहे."

"मी लाथेनं उघडतो," जॅरड म्हणाला. "साधी कडी आहे. फलाट आला की मी उडी मारतो, मग पोरीला माझ्याकडे द्या."

"फलाट आणि पाळणा यांच्यामध्ये फट आहे, आणि चाक थांबणार नाहीये. पोरगी हातातून सुटली तर नदीत जाईल. आधी लोखंडावर, मग नदीत."

"ए म्हाताऱ्या, बाजूला हो."

"मी इथे बसतोय," क्लेम म्हणाला. "मला उचलून फेक आणि मग दार उघड. आणि फेकणार असशील तर सांभाळून, माझं एक ढोपर खोटं आहे."

नऊ नंबर फलाटासमोर आला. काचेच्या दाराला पाठ लावून कोणीतरी खाली बसलं होतं. करडा शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, मानेवर उन्हानं पडलेल्या खोल रेघा. रोंडा दांडा धरून त्या मानेकडे बघत राहिली. चेहरा दिसत नव्हता, पण बापाला ओळखायला चेहरा लागत नाही.

दाराच्या वरच्या काचेवर डॅनिएलचा तळवा आपटत होता. टिलीचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलेलं. डॅनिएल काय ओरडत होती ते काचेतून बाहेर येत नव्हतं, माझ्या टेबलावर येत होतं.

"रोंडा," स्टॅव्ह म्हणाला, "तो क्लेम आहे."

"दिसतंय मला."

"नऊ उघड. एकच. मी कोणाला काही बोलणार नाही."

तिनं दांड्यावरचा हात काढला नाही. दुसरा हात माझ्याकडे पसरला. मी यंत्राचं बोलायचं टोक वायरीसकट खिडकीतून तिच्या हातात दिलं.

"बाबा?"

क्लेमनं मान वळवली नाही. "चालू ठेव," तो म्हणाला.

"कितीजण आहात?"

"चार. एक लहान आहे. बाटलीभर पाणी आहे, ते तिचंच. बाकीचे मोठे आहेत, बघू आमचं आम्ही. तू थांबू नकोस. थांबलीस तर हे इंजिन परत उचलायचं नाही."

तो पाळणा फलाटावरून पुढे गेला आणि वर चढायला लागला. रोंडानं ते टोक मला परत दिलं. तिचा हात गार होता, त्या उन्हात.

मग दहा आला. मग अकरा. प्रत्येक काचेवर तळवे. एकजण काचेवर थुंकला, एका बाईनं हात जोडले, बारा नंबरातल्या दोघा म्हाताऱ्यांनी नुसतं बघितलं. रोंडा प्रत्येक पाळण्याकडे तोंड करून उभी राहिली. मान तिनं एकदाही वळवली नाही.

अग्निशामक गाडी आली. तिची शिडी वरच्या पाळण्यांना पुरणारी नव्हती. मग त्यांनी नदीतून पाणी ओढून पाळण्यांवर फवारे मारायला सुरुवात केली. काचांवरून वाफ निघाली. त्यानं जरा बरं झालं असावं, खालच्यांना तरी. वरपर्यंत पाणी पोचत नव्हतं, आणि नऊ आता वर होता.

यंत्रावर क्लेम बोलत होता, म्हणून मला तग धरता आला. त्यानं जॅरडला शर्ट काढायला लावला, तो बाटलीतल्या पाण्यानं भिजवून टिलीच्या डोक्यावर ठेवायला लावला. डॅनिएलची ओढणीसारखी पातळ शाल उन्हाच्या काचेवर बांधली. जॅरडला तू कुठे राहतोस, काय करतोस असं विचारत राहिला.

"गोदामात काम करतो," जॅरड म्हणाला. त्याचा आवाज आता लहान पोरासारखा झाला होता.

"कुठल्या संघाचा?"

"क्रोज."

"अरेरे. तरीच," क्लेम म्हणाला. क्रोज म्हणजे पोर्टचा हाडवैरी संघ.

मग हळूहळू त्याची वाक्यं तुटायला लागली. एकदा मला तो आपल्या आईला हाक मारतोय असं वाटलं. त्यानंतर आवाज बंद झाला.

"जॅरड, म्हातारे कसे आहेत?"

"डोळे मिटलेत. श्वास आहे. दारापासून हलत नाहीत. हलवू का?"

"राहू दे. आणि टिली?"

"रडत नाहीये," जॅरड म्हणाला. तो हे ज्या तऱ्हेनं म्हणाला त्यावरून त्यालाही कळलं होतं की रडत नसणं चांगलं नाही.

मी हे रोंडाला सांगितलं. तिनं मान हलवली. समोरचे पाळणे आता खाली येत होते. पहिला आला, माणसांना अक्षरशः ओढून काढावं लागलं. मग दुसरा. इंजिनाचा आवाज सुधारला, हे मलाही कळलं. मग तिसरा.

"आता नऊ," रोंडा म्हणाली. "अर्धा फेरा. मधलं कोणी उघडायचं नाही."

तो अर्धा फेरा कसा गेला ते मला सांगता येणार नाही. तिकिटाच्या खोलीत एक छोटी कुंडी होती, तिच्यातली माती मी नखांनी उकरून काढली होती, हे मला दुसऱ्या दिवशी नखं बघून कळलं.

नऊ फलाटावर आला तेव्हा अँब्युलन्सची माणसं तयार होती. रोंडानं दार बाहेरून सरकवलं. क्लेमची पाठ दाराला होती, तो तसाच मागे तिच्या पायांवर पडला. ती गुडघ्यावर बसली, त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. त्याची कातडी कोरडी होती. घामसुद्धा संपला होता.

त्याच्यावरून डॅनिएल बाहेर आली. टिलीला कोणीतरी तिच्या हातातून घेतलं, बर्फाच्या पिशव्या, नळ्या, धावपळ. डॅनिएल फिरली आणि तिनं रोंडाच्या थोबाडीत मारली.

"समोर होतीस तू. पोरीला माझ्या तू समोरून जाऊ दिलंस."

रोंडानं गालाला हातही लावला नाही. तिनं बापाचं डोकं हळूच माझ्या मांडीवर ठेवलं.

"टेस, यांच्याबरोबर रहा."

"तू जा ना त्यांच्याबरोबर. स्टॅव्ह चालवेल."

"स्टॅव्हनं भरलेलं चाक या इंजिनावर कधी चालवलं नाही."

"तूही नव्हतं चालवलंस."

"आता चालवलंय," ती म्हणाली, उठली, आणि दांड्याशी जाऊन उभी राहिली. वर अजून निम्मं चाक भरलेलं होतं.

मी क्लेमबरोबर अँब्युलन्समधून गेले. सगळ्यात शेवटचा माणूस उतरला तेव्हा सूर्य सायलोच्या मागे गेला होता आणि वीज अजूनही आली नव्हती, असं स्टॅव्हनं नंतर सांगितलं. शेवटचं दार उघडून झाल्यावर रोंडा फलाटावरच बसली आणि तिला आपणहून उठता येईना. अग्निशामक दलाच्या दोघांनी तिला उचललं.

कोणी मेलं नाही. टिली चार-पाच दिवसांत मुलांच्या इस्पितळातून घरी आली. पुढे चौकशी झाली. त्यांनी रोंडाला विचारलं की वडील आत आहेत हे कळल्यावर तुमच्या मनात काय आलं. ती म्हणाली, "दार उघडावं असं आलं." मग का नाही उघडलं, तर म्हणाली, "बाकीचे वर होते." त्यांनी तिचं चुकलं नाही असं लिहिलं.

क्लेमची मूत्रपिंडं तेव्हापासून नीट झाली नाहीत. आठवड्यातून ठरावीक दिवस त्याला डायलिसिसच्या यंत्रावर घालावं लागतं, चालायला वॉकर लागतो. जॅरड अधूनमधून त्याला इस्पितळात सोडायला येतो. दोघं वाटभर फुटबॉलवरून भांडतात.

त्याला घरी आणलं त्या रविवारी मीही जेवायला होते. रोंडा कोकराचं मांस कापत होती. मधेच, वर न बघता, तिनं विचारलं, "वरून काय दिसलं?"

एवढ्या वर्षांत त्या घरात चाकाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न.

"काय दिसणार? मी आत तोंड करून बसलो होतो," क्लेम म्हणाला. थोडं चावून झाल्यावर म्हणाला, "सायलो दिसला. वरून पार घाण आहे. कबुतरं."

"हो. मलाही आवडायचा नाही."

"बटाटे दे."

तिनं बटाटे दिले.

हिवाळ्याच्या तोंडावर क्रेन आल्या आणि चाक तुकड्यातुकड्यानं उतरवून नेलं. कोणी म्हणतं विकलं, कोणी म्हणतं भंगारात गेलं. धक्का आता मोकळा आहे, कुंपण आहे, गवत वाढलंय. स्टॅव्हनं त्याच्या भावाबरोबर माशांचं दुकान टाकलं. रोंडाला बरेच महिने काम मिळालं नाही. आता ती बाहेरच्या बंदरात कंटेनरच्या क्रेनवर आहे.

डॅनिएल मात्र अजून रोंडा समोरून आली की रस्ता ओलांडून पलीकडे जाते. परवा माझ्यासमोर झालं तसं, शेजारच्या सेमाफोर उपनगरातल्या बेकरीबाहेर. टिली आता मोठी झालीय, आईचा हात धरून तुरुतुरु पलीकडे गेली. मला राग आला, मी तसं बोलून दाखवलं.

"असू दे," रोंडा म्हणाली. "माझी पोरगी असती तर मीही ओलांडला असता."

आणि ती पाव घ्यायला आत गेली.